लाईन गेली, पण घालवली कोणी?

मराठीत इंग्रजी शब्द फार घुसले आहेत अशी ओरड करणाऱ्या मंडळींशी माझं जुनं भांडण आहे. ही मंडळी बहुधा मोठ्या शहरात राहतात. डोक्यावर पंखा फिरत असतो, नळाला पाणी असतं, आणि मग भाषेच्या शुद्धतेची काळजी करायला त्यांना सबंध सकाळ मोकळी सापडते. आम्ही राहतो चकलांब्याला. तालुका गेवराई, जिल्हा बीड. आमच्याकडे वेळ नाही असं मी म्हणत नाही. वेळ रग्गड आहे, पण तो लाईनीत जातो.

हाच तो शब्द. लाईन. शुद्धिवाल्यांचा याच्यावर भारी राग. असेच एक व्याख्याते एकदा आमच्या भागात येऊन दीड तास बोलले. 'लाईन'ला मराठीत रांग आहे, ओळ आहे, रेषा आहे, मार्ग आहे. घरात एवढे दागिने असताना उसनी नथ कशाला घालता, असा त्यांचा सवाल होता. टाळ्या पडल्या. व्याख्यान संपलं आणि संयोजकांनी माईकवरून सांगितलं, "श्रोत्यांनी चहाला लाईनीनं यावं." सगळ्यात पुढे व्याख्याते होते. लाईनीनं.

मी कॉमर्सचा पदवीधर, पोटासाठी बँकेत कारकून. आमच्या विद्येत कोणताही दावा तोंडी मानत नाहीत, ताळा करून बघतात. तर या दाव्याचाही ताळा करून बघू.

आमच्याकडे माणूस सकाळी उठला की देवाच्या आधी विचारतो, "लाईन हाय का?" इथं लाईन म्हणजे वीज. आता म्हणा, "रांग आहे का?" मोटर चालू होईल? रानात तीन हजार फूट पाईपलाईन टाकलेला शेतकरी पाण्याची ओळ टाकील की रेषा? मुलीच्या बापाला मध्यस्थ विचारतो, "पोरगं कोणत्या लाईनीला हाय?" इथं लाईन म्हणजे धंदा. पोरगं वाया जात असलं की "लाईन सुटली", नोकरीला लागलं की "लाईनीला लागलं". तेच पोरगं कॉलेजच्या फाटकापाशी उभं राहून जे काही करतं, त्यालाही लाईनच म्हणतात. तिथं 'रेषा मारतो' म्हटलं तर चित्रकलेच्या मास्तरांना आनंद होईल, पण मुलीच्या भावाला अर्थबोध होणार नाही. गवंडी घराचा पाया आखतो ते लाईनआऊट. साहेब बदलून आला की दोन महिन्यांत तो "लाईनीवर येतो", म्हणजे काय होतं ते मी लिहीत नाही. मला अजून नोकरी करायची आहे. आणि पुढाऱ्याने खुणावलं की कार्यकर्ता म्हणतो, "लाईन क्लिअर!"

या 'लाईन क्लिअर'ची तर मला मोठी गंमत वाटते. हा शब्द रेल्वेचा. पुढची लाईन मोकळी आहे, गाडी सोडा, असा त्याचा अर्थ. जिल्ह्यात परळीला रेल्वे निजामाच्या काळापासून, पण बीड हे जिल्ह्याचं ठिकाण रेल्वेवाचून राहिलं. अहिल्यानगर–बीड–परळी ही २६१ किलोमीटरची लाईन १९९५ च्या सुमाराला मंजूर झाली आणि बीड शहरात पहिली गाडी आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी. म्हणजे लाईन मंजूर झाली त्या वर्षी जन्मलेलं पोर स्वतःची पोरं घेऊन ती गाडी बघायला गेलं असेल. मधली तीस वर्षं गाडी नव्हती, रूळ नव्हते, फाटक नव्हतं, पण 'लाईन क्लिअर' मात्र जिल्ह्यात रोज होत होती. वस्तू यायच्या आधी शब्द येऊन बसतो आणि वस्तूची जागा धरून ठेवतो, जशी मोंढ्यात खताच्या दुकानापुढे माणसाऐवजी चप्पल लाईनीत बसते.

तेव्हा शुद्धिवाल्यांना माझं नम्र उत्तर असं, की रांग, ओळ, रेषा, मार्ग हे शब्द आम्ही टाकलेले नाहीत. ते आपापल्या जागी काम करताहेत. पण लाईन हा एकटा गडी चारपाच गड्यांचं काम करतो, ओव्हरटाइम मागत नाही, त्याला कामावरून का काढायचं? बरं, शुद्धीचा हिशोब शेवटपर्यंत करणार आहात का? लाईन काढा म्हणून जो 'अर्ज' तुम्ही कराल तो अरबी आहे. ज्या 'कागदा'वर कराल तो फारसीतून आला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो, दरबारचं काम उर्दूत चाले. १९५६ साली आम्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. १९६४ साली मराठी ही राजभाषा झाल्याचा कायदा झाला. उंबऱ्याच्या आतली भाषा बदलली, अर्जाचा मायना बदलला. उंबऱ्याच्या बाहेर ताटकळणं मात्र शुद्ध मराठवाडीच राहिलं. सावरकरांनी दिनांक दिला, महापौर दिला. पटले ते लोकांनी घेतले. शब्द उपयोगी असला की माणूस त्याची जात विचारत नाही.

आता दुसरी पार्टी. ही इंग्रजीवाल्यांची. यांचं म्हणणं उलटं. तुम्ही लाईन शब्द खुशाल वापरा, पण अडाण्यासारखा नको. वीज म्हणजे लाईन नव्हे, लाईनमधून जाते ती वीज. असं सांगून ते आमच्या मामांना हसतात. मामा म्हणजे आमच्या शाखेचे एक जुने खातेदार. फेटा, हातात काठी, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी बंडीच्या आत. ते काउंटरवर येऊन विचारतात, "सायेब, आज लाईन हाय ना? न्हाय तं मी येतो माघारी." यात वीज, इंटरनेट, गर्दी आणि माझा मूड असे चार प्रश्न एका शब्दात विचारलेले असतात. इतका काटकसरी शब्दप्रयोग रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकातही सापडायचा नाही.

इंग्रजीवाल्यांनी जरा आपल्या इंग्रजीचं मूळ बघावं. लाईन हा शब्द लॅटिनमधल्या 'लिनम'वरून आला. लिनम म्हणजे जवस. जवसाच्या झाडाच्या सालीचा धागा निघतो, त्या धाग्याची दोरी ती लाईन. पहिल्यांदा दोरी, मग दोरीने आखलेली रेघ, मग रेघेत उभी राहिलेली माणसं, मग तार, मग रूळ, मग घराणं, मग धंदा. म्हणजे ज्या जवसाची चटणी आम्ही भाकरीबरोबर खातो, त्याच झाडाचा हा शब्द आहे. विलायतेहून आलेला पाहुणा म्हणून ज्याला ओसरीवर बसवलं, तो आपल्याच रानातला निघाला! आणि गंमत बघा, आमचा गवंडी भिंत बांधताना जी दोरी ताणतो तिला लाईनदोरीच म्हणतो. लॅटिनचा एक तास न करता त्याने शब्दाच्या मुळाशी हात घातला आहे. खुद्द साहेब रांगेला लाईन म्हणत नाही, 'क्यू' म्हणतो. त्याचा फ्रेंचमधला अर्थ शेपूट. लाईन म्हणतो तो अमेरिकन. तेव्हा शेपटीत उभं राहायचं की दोरीला धरून, यावर त्यांच्या घरातच एकमत नाही. आम्हांला कशाला हसता?

इथपर्यंत वाचून वाचकांना वाटेल की कारकुनाने लाईनचं वकीलपत्र घेतलं आहे. घेतलंच आहे. पण माझं अशील सगळीकडेच निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. लाईनचे काही उपयोग असे आहेत की त्यांवर दोन्ही पार्ट्या मूग गिळून बसतात, आणि खरं भांडण तिथंच आहे.

पहिला उपयोग दारिद्र्यरेषेचा. ही रेषा मराठी आहे, शुद्ध आहे, व्याख्यात्यांना आवडेल अशी आहे. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या दांडेकर आणि रथ या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, की १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये, म्हणजे महिन्याला पंधरा रुपये, हा किमान खर्च. काम मोठं होतं, कारण तोवर गरीब किती हे मोजायची पद्धतच धड नव्हती. पुढे तेंडुलकर समितीच्या रीतीने २०११-१२ सालासाठी खेड्यातली रेषा माणशी महिना ८१६ रुपये निघाली आणि शहरातली १,०००. आता ८१७ रुपये खर्च करणारा माणूस त्या हिशोबाने रेषेच्या वर. जगातल्या सगळ्या लाईनींत माणसं पुढे जायला धडपडतात. ही एकच लाईन अशी की तिच्या खाली जायला वशिला लागतो. शब्द मराठी केला म्हणून त्या एका रुपयाचा अन्याय कमी झाला का? नाही झाला.

दुसरा उपयोग ऑनलाईन. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा बंद झाल्या. चलनातल्या रकमेपैकी ८६ टक्के रक्कम एका रात्रीत कागद झाली. बदलून मिळणार सुरुवातीला ४,००० रुपये. पुढे बोटाला शाई लावायचं ठरलं. बाहेर काय झालं ते सगळ्यांनी लिहिलं. मी ते काउंटरच्या आतून पाहिलं. कापूस विकून आलेला माणूस, स्वतःचा पैसा स्वतःच्या खात्यावर भरायला, उधारी मागायला आल्यासारखा कमरेत वाकून उभा. लाईनीत दगड ठेवलेले, पिशव्या ठेवलेल्या, आधारकार्डाच्या झेरॉक्सवर खडा ठेवलेला. तेव्हा सांगण्यात आलं, काळजी करू नका, आता सगळं ऑनलाईन होणार, लाईन राहणार नाही.

पुढच्याच वर्षी, २०१७ साली, राज्याची दीड लाखापर्यंतची कर्जमाफी आली. अर्ज ऑनलाईन. मग त्या ऑनलाईनसाठी लाईन. आमच्याकडे 'ऑनलाईन' हे विशेषण राहिलं नाही, ते कर्मकांड झालं. "ऑनलाईन केलं का?" "करून आलो." काय केलं, कशाचं केलं, विचारू नये. सत्यनारायण केल्यासारखं ते करून यायचं. फरक एवढाच, की सत्यनारायणाचा प्रसाद निदान त्याच दिवशी मिळतो.

आणि इथं यंत्राला लागतो अंगठा. आमच्या जिल्ह्यातली माणसं दर वर्षी दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता. पाच-सहा महिने पाचट ओढून, मोळ्या बांधून माघारी आलेली बाई यंत्रावर अंगठा ठेवते आणि यंत्र म्हणतं, ओळख पटत नाही. पुसून ठेवा. पदराला पुसते, पुन्हा ठेवते. पुन्हा नाही. बोटांच्या रेषा कामाने झिजलेल्या असतात. यंत्राला रेषा हव्यात, रेषा गेल्या उसात. त्या बाईला कोणी "तुमची लाईन मॅच होत नाही" असं सांगतो तेव्हा ती काय म्हणते माहीत आहे? "ऱ्हाऊ द्या दादा, येते उंद्या." तिचा उद्याचा रोजही मग त्या लाईनीतच बुडतो. कष्ट केल्याचा एवढा सज्जड पुरावा हातावर आणून दाखवला, आणि यंत्राने तो नापास केला. शुद्धिवाल्यांनी या यंत्राला मराठी शिकवली तरी ते मराठीत नाहीच म्हणणार.

तिसरा उपयोग सगळ्यात वाईट. "लाईन गेली."

हे वाक्य नीट बघा. व्याकरणात लाईन ही कर्ता आहे. गेली कोण? लाईन. जशी सून रुसून माहेरी जाते तशी ती आपल्या पायाने गेली. कोणी घालवली, किती वाजेपर्यंत, कोणाच्या हुकमाने, यातलं काहीच त्या वाक्यात नाही. सरकारी कागदावर याला 'भारनियमन' म्हणतात. तो शब्द शुद्धिवाल्यांच्या परीक्षेत पहिला येईल, पण त्यातही माणूस नाही. लाईन गेली, लिंक गेली, सर्व्हर पडला, फाईल अडकली. आमच्या राज्यात कोणीही काहीही करत नाही, सगळं आपोआप होतं.

आम्हां कॉमर्सवाल्यांना हे पचत नाही. दुहेरी नोंदीचा नियम असा, की एका खात्यातून गेलं ते दुसऱ्या खात्यात जमा झालं पाहिजे. आमच्या रानातून लाईन गेली, ती कोणाच्या कारखान्यात, कोणाच्या शहरात जमा झाली, त्याची नोंद दाखवा. दहा रुपयांच्या टाचण्या आणल्या तरी व्हाउचर लागतं, त्यावर दोन सह्या लागतात. आठ तासांच्या अंधाराला व्हाउचर नाही.

आमच्याच जिल्ह्यात परळीला औष्णिक वीज केंद्र आहे, त्याचा पहिला संच १९७१ सालचा. चिमणीचा धूर आमच्या जिल्ह्याच्या आभाळात. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून ते केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. म्हणजे पाणी नाही म्हणून वीज नाही, आणि वीज नाही म्हणून विहिरीतलं पाणी वर येत नाही. आणि शेतीपंपाला वीज द्यायची रीत कशी? एक आठवडा दिवसा आठ तास, तर दुसरा आठवडा रात्री दहा तास. दिवसा सौर वीज देण्याच्या योजना आल्या आहेत. ज्याच्या रानात ती पोचली तो सुखी. न पोचलेल्याची लाईन रात्री बाराला येते. मग म्हातारा बॅटरी घेऊन उठतो आणि गव्हाला पाणी द्यायला निघतो. बांधावर साप, दांडात गारठा. २०२० च्या अखेरीला आष्टी तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हाही पाळी रात्रीची होती त्यांना रात्रीच रानात जावं लागलं, कारण बिबट्या आठ दिवस थांबेल, गहू थांबत नाही. व्याख्यातेबुवा, त्या माणसाने अंधारात "लाईन आली!" म्हणून पोराला हाक मारली, तर 'वीज आली म्हणा' असं सांगायला तुम्ही येणार का? या. येताना बॅटरी आणा.

लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट सांगतो, ती नाटक-सिनेमातली नाही, कायद्यातली आहे. २००३ च्या विद्युत कायद्यात ५७ वं कलम आहे. वीज देणाऱ्याने सेवेचा दर्जा किती ठेवायचा ते राज्याच्या नियामक आयोगाने ठरवायचं, आणि तो पाळला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यायची. महाराष्ट्रात तसे विनियम झालेले आहेत. डीपी जळाली तर किती तासांत बदलायची, तार तुटली तर किती तासांत जोडायची, याच्या मुदती त्यात आहेत. आणि आपण काय करतो? डीपी जळाली की घरटी वर्गणी काढतो, ट्रॅक्टर ठरवतो, नारळ फोडतो. हक्काच्या भरपाईऐवजी आपणच दक्षिणा देतो! याचं एक कारण त्या वाक्यात आहे. भरपाई मागायला वेळ लागते, तारीख लागते, तक्रारीचा नंबर लागतो, करणारा लागतो. "लाईन गेली" एवढ्या भांडवलावर दावा उभा राहत नाही. जी आपल्या पायाने गेली, तिच्याबद्दल भरपाई कोणाकडे मागणार?

तेव्हा माझा ठराव असा. लाईन शब्दाला कोणी हात लावायचा नाही. तो जवसाचा आहे, आपला आहे. त्याला मराठीने स्त्रीलिंगी करून, विभक्तीचे प्रत्यय लावून, 'लाईनीत', 'लाईनीला', 'लाईनीवर' करून घेतलं आहे. आता ती सासरी नांदते, तिला माहेरी पाठवायचं कारण नाही. बदलायचं ते तिच्या पुढचं क्रियापद. "लाईन गेली" ऐवजी "लाईन बंद केली" म्हणा. 'केली' म्हटलं की मराठीत लगेच प्रश्न उभा राहतो, कोणी केली? ही आपल्या भाषेची ताकद. 'गेली'ला साक्षीदार लागत नाही, 'केली'ला आरोपी लागतो. मग वहीत लिहा: अमुक तारीख, इतके वाजता बंद केली, इतके वाजता चालू केली, तक्रार नंबर इतका. चाळीस पानी वही पुरते. आमच्या मामांनी चौदा वर्षं दुधाचा हिशोब असाच ठेवला आहे, त्यात एका थेंबाची चूक नाही. दुधाच्या जागी वीज लिहायची, एवढंच.

अशा पन्नास वह्या एका गावातून तालुक्याला गेल्या, तर भाषेचं शुद्धीकरण होईल की नाही ते मला सांगता येत नाही. पण साहेबाला त्या वाचाव्या लागतील. वह्या द्यायला जाताना धक्काबुक्की करू नका. म्हाताऱ्यांना आणि लेकरंवाल्या बायांना पुढं घ्या, पोच घेतल्याशिवाय वही सोडू नका, आणि लाईनीनं जा.